एका शब्दाचे प्रोफेसर

ते मला दहापैकी दहा मार्क द्यायचे. शाळेत मला इतके कधी मिळाले नाहीत, आणि चौथीनंतर शाळाच सुटली. पण त्यांच्या परीक्षेत मी कायम पहिली. परीक्षा गावंढळपणाची होती.

वाडीतल्या प्रत्येक माणसाला त्यांनी मार्क दिलेले होते आणि ते तोंडावर सांगायला त्यांना काही वाटत नसे. पोस्टमनला सहा, कारण त्याचा शर्ट इस्त्रीचा असायचा. सरपंचांना आठ. हनीफभाई बारा वर्षं आखातात राहून आलेले, रत्नागिरी स्टँडपासून आमच्या गावापर्यंत रिक्षा चालवायचे, त्यांना सात. हनीफभाई म्हणायचे, "दुबईत मी शेखाची गाडी चालवलीय, प्रोफेसर. एक मार्क तरी कमी करा." ते न हसता म्हणायचे, "गाडी शेखाची होती. चालवणारा इथलाच."

मला दहा का, तर मी शेणाने सारवलेल्या घरात राहत होते, चिमणीच्या उजेडात जेवत होते आणि कुणी काही विचारलं तर मान खाली घालत होते. "शुद्ध नमुना," असं ते माझ्याकडे बोट करून म्हणायचे. आल्यागेल्याला दाखवायचे, दारातलं कलम दाखवावं तसं.

कोकण रेल्वे सुरू झाली त्या सुमाराला ते मुंबईहून कायमचे राहायला आले. तिथे कॉलेजात परदेशी भाषा शिकवायचे. लग्न केलेलं नव्हतं. वरच्या अंगाला त्यांच्या भावाने बांधलेलं चिऱ्याचं घर होतं, आत चकचकीत मोझॅकची लादी. खाली, पोफळीच्या बागेच्या कडेला, आमचं दोन खोल्यांचं मातीचं घर. माझे सासरे त्यांच्या बागेची राखण करायचे, त्यामुळे घर आमचं आणि जमीन त्यांची. माझा नवरा मुंबईला एका हॉटेलच्या भटारखान्यात. गणपतीला यायचा आणि शिमग्याला यायचा. बाकी वर्षभर मी आणि माझी मुलगी सुमन. ते आले तेव्हा सुमन पाचवीत होती.

त्या घरातल्या थोरल्या पुरुषाला भाऊ म्हणायची गावात रीत होती. ती त्यांना चालेना. सर म्हटलेलंही चालेना, सर शाळेत असतात म्हणाले. प्रोफेसर म्हणायचं. सकाळी मी वर जाऊन केर काढायची, भांडी घासायची, विहिरीचं पाणी भरायची. ते बागेत जायचे तेसुद्धा मोजे आणि बूट घालून. मासेवाली दारात आली की नाकाला कापराचा रुमाल लावायचे आणि सुरमईचे तुकडे मात्र मोजून घ्यायचे. फणससुद्धा ते टेबलावर बसून काट्यासुरीने खायचे. हाताने खाणं हे त्यांच्या मते सरळ दहा मार्कांचं काम. फणसाचा चीक काट्याच्या दातांत बसायचा, तो खोबरेल लावून, गरम पाण्यात घालून, नखाने काढावा लागतो. ते नख माझं. त्यांच्या सभ्यपणाचं बरंचसं काम मागच्या दारी मलाच करावं लागे.

जेवण झालं की ओटीवर आरामखुर्ची टाकून बसायचे आणि वहीत लिहायचे. जाड पुठ्ठ्याच्या वह्या. सगळं लिखाण एका शब्दावर होतं. हे मला पहिल्यांदा कळलं तेव्हा वाटलं माझी ऐकण्यात चूक झाली असेल. पण नाही. एकच शब्द. शहाण्यासुरत्या माणसाने सगळं आयुष्य एका शब्दावर घालवलेलं होतं, आणि तो शब्द म्हणजे गावंढळ.

दूध घालायला आलेला गवळी असो की पंचायतीचा शिपाई, ते त्याला थांबवून सांगायचे. लॅटिन नावाची एक भाषा होती. ती मेली. तिच्या मुली जगल्या. लॅटिनमध्ये 'रूस' म्हणजे उघडं रान, शेतजमीन. तिथे राहणारा तो 'रुस्तिकुस'. इटलीत त्याचा झाला 'रुस्तिको'. स्पेनात तसाच, फक्त लिहिताना 'रु'च्या डोक्यावर एक तिरकी रेघ. पोर्तुगालात 'रुश्तिकु'. फ्रान्सात 'र्युस्तीक', ओठ पुढे काढून. रुमानियात शेपूट तुटलं, 'रुस्तिक'. केर काढताना हे मी इतक्यांदा ऐकलं की आरती पाठ होते तसं पाठ झालं. अजून आहे.

मूळ शब्द शहरातल्या लोकांनी शेतावरच्या माणसाला ठेवलेला. त्याचा अर्थ कधी नुसता शेतावरचा, कधी ओबडधोबड, कधी अडाणी, कधी साधा, निष्कपट. "शिवी आहे आणि कौतुकही आहे," ते बोट वर करून म्हणायचे. "म्हणणारा कोण, त्यावर ठरतं." कौतुकाची बाजू आमच्याकडे कधी वळली नाही.

मी मनात म्हणायची, पाच मुली पाच घरी दिल्या आणि पाचीजणींनी माहेरून जाताना हा शब्द न विसरता नेला. म्हणजे त्या पाची देशांत कुणीतरी ओटीवर खुर्ची टाकून बसलेलं असणार, आणि कुणीतरी त्याच्या खुर्चीखालचा केर काढत असणार.

आता मीटरचं सांगते, कारण बाकी सगळं त्याच्याभोवती फिरलं.

वाडीत विजेचे खांब कधीच आलेले होते. आमचं घर सोडून सगळीकडे दिवे होते. आम्हाला मीटर मिळेना, कारण जमीन दुसऱ्याची, आणि अर्जावर जमीनमालकाची सही लागते. कारभार प्रोफेसरांच्या भावाकडे होता तोवर तो मुंबईहून आला की पुढच्या खेपेला बघू म्हणायचा. आता मालक इथेच येऊन बसले म्हटल्यावर मला वाटलं एका दिवसाचं काम. सुमनचे डोळे चिमणीच्या धुराने लाल होत. तिचं वाचन उजेड असेपर्यंतच, आणि पोरीला वाचायची हौस फार.

हनीफभाईंनी रत्नागिरीहून छापील अर्ज आणून दिला. मी तो प्रोफेसरांपुढे ठेवला. त्यांनी चार दिवस ठेवून घेतला. परत दिला तेव्हा सगळ्या अर्जावर लाल शाई. सरकारने छापलेली वाक्यंसुद्धा त्यांनी खोडून नव्याने लिहिली होती. खाली सहीच्या जागी शेरा, 'भाषा गलथान. पुन्हा लिहा.' सही नाही. विजेच्या ऑफिसातला कारकून तो कागद बराच वेळ बघत राहिला आणि म्हणाला, हा कुणी तपासला? हनीफभाई म्हणाले, "आमच्याकडे एक प्रोफेसर हायत." कारकुनाने अर्ज परत दिला.

दुसऱ्या वर्षीचा अर्ज त्यांनी वहीत खूण म्हणून घातला. मी रोज खुर्चीखालून केर काढायची तेव्हा त्याचा कोपरा बाहेर आलेला दिसायचा. तिसऱ्या वर्षी मी धीर करून तोंडाने विचारलं.

"तुला वीज कशाला हवी?" ते म्हणाले. "दिवसभर तू वर असतेस. संध्याकाळी जेवून झोपतेस."

"सुमन शिकते."

"कितवीला आहे?"

"सातवी."

"सातवीला सूर्य पुरतो."

आणि पुन्हा वहीत डोकं. त्यांना आमचा राग नव्हता, एवढं मी म्हणेन. राग यायला समोर माणूस दिसावं लागतं.

मग एका वर्षी, पाऊस सरल्यावर, पुण्याहून त्यांचा जुना विद्यार्थी बायकोला घेऊन आला. ती बाई ओटीच्या कडेला उभी राहून खाली आमच्या घराकडे बघत होती. मी सारवून नुकतीच उठले होते. अंगण ओलं होतं. ती म्हणाली, "किती रस्टिक आहे हो हे."

प्रोफेसरांनी मान वर केली. त्यांना वाटलं ती नावं ठेवतेय, आणि ते पुढे सरसावले मदतीला. पण ती खाली उतरून आली, चप्पल काढून आमच्या अंगणात बसली. नवऱ्याला म्हणाली, असं कुठे राहायला मिळत असेल तर मी आत्ता पिशवी आणते. लोक शोधत असतात म्हणाली अशा जागा.

ती दोघं गेल्यावर प्रोफेसर ओटीवर येरझाऱ्या घालत होते. मग तिसरी वही काढून बसले. त्यात त्यांनीच लिहून ठेवलेलं होतं, की इटलीत शेतावरच्या जुन्या दगडी घरालाच रुस्तिको म्हणतात आणि शहरातले लोक हौसेने तिथे जाऊन राहतात. लिहिलेलं होतं, पण इतकी वर्षं त्याचं काही वाटलेलं नव्हतं. माझ्यादेखत त्यांनी त्या ओळीखाली रेघ मारली.

महिन्याभरात रस्त्याला पाटी लागली. वर 'रस्टिक', मराठीत आणि इंग्रजीत, खाली घरगुती राहण्याजेवणाची सोय. हनीफभाईंनी रिक्षा थांबवून पाटी दोनदा वाचली. मग ओटीकडे बघून विचारलं, "प्रोफेसर, सोताला किती मार्क दिलेत?"

मग घराला गावंढळ करायचं काम निघालं. प्लॅस्टिकच्या खुर्च्या माळ्यावर गेल्या. फ्रिजवर गोणपाट आलं. काटेसुऱ्या फडक्यात बांधून कपाटात गेल्या, तेवढं माझं काम कमी झालं. ओटीवरचा दिवा काढून कंदील टांगला. पंखा मात्र आतल्या खोलीत चालूच असायचा, दार लावून. राहिली ती भावाने हौसेने घातलेली मोझॅकची लादी. मला म्हणाले, "उद्यापासून ओटी सारवायची."

मी म्हटलं, "लादीवर शेण धरत नाय."

"कारण?"

"धरत नाय."

"कारण सांगता येत नाही, म्हणजे ते ज्ञान नव्हे."

तेव्हा मी सारवलं. तिसऱ्या दिवशी वाळून पापुद्रे सुटले. पांढरी पँट घातलेले एक पाहुणे चहा पिऊन उठले ते निम्मी ओटी मागे चिकटवून. प्रोफेसरांनी माझ्याकडे असं बघितलं, जशी काय ती पँट मीच शिवली होती. पण पाहुणे गेल्यावर ते म्हणाले, "मग काय करायचं?" चार वर्षांत त्यांनी मला उत्तर हवं म्हणून विचारलेला तो पहिला प्रश्न.

मी केलं. तांबडी माती चाळून आणली. त्यात भाताचा कोंडा घातला, भिजवली, लादीवर चार बोटं जाड पसरली आणि लाकडी चोपण्याने आठ दिवस चोपत राहिले. खांदे भरून आले. वाळल्यावर वरून सारवण. जमीन अशी झाली की पाण्याचा थेंब गोल उभा राहावा. पण अशा जमिनीला आठव्या दिवशी हात लागतो म्हणजे लागतो, नाहीतर भेगा पडतात. आमच्या वाडीत तोवर घरोघर कोबा नाहीतर लादी झालेली. म्हाताऱ्या बायकांची कंबर वाकत नव्हती, तरण्या शेणात हात घालत नव्हत्या. हात उरले ते माझे. मला हे तेव्हा कळलं नाही. कळायला वर्ष गेलं.

पाहुणे यायला लागले. प्रोफेसर मला बोलावून पुढे उभं करायचे आणि सांगायचे, "दहापैकी दहा." मार्क तेच. आवाज तेवढा बदललेला, लग्नात मुलीचं कौतुक सांगताना असतो तसा. मी पूर्वीसारखीच मान खाली घालायची. त्यावर पाहुण्यांना अजून बरं वाटायचं.

सुमन दहावीत गेली. मी पुन्हा अर्ज पुढे केला.

"आता तर अजिबात शक्य नाही," ते म्हणाले. त्यांनी खाली आमच्या घराकडे बोट दाखवलं. "लोक ओटीवर बसून काय बघतात? ते. तिथे तार आली की संपलं सगळं."

म्हणजे घर वाईट होतं तेव्हा त्याला दिवा कशाला, आणि घर चांगलं झालं तेव्हा दिव्याने ते बिघडणार. मी बाहेर येऊन विहिरीवर बसले आणि रिकामा हंडा तसाच मांडीवर घेऊन राहिले.

दिवाळीच्या आधी सुमनची सहामाही परीक्षा होती. दिवेलागणीला ती चिमणीपाशी वाचत होती. मी चुलीशी. दारात बूट वाजले. प्रोफेसर चार पाहुण्यांना घेऊन खाली आले होते. त्यांनी बाहेरून खाकरलंही नाही. दारातून आत हात दाखवून म्हणाले, "हा उजेड बघा. शहरात मिळेल?"

एक बाई हळूच म्हणाली, "किती सुंदर."

"मुली," प्रोफेसर म्हणाले, "पुस्तक जरा वर धर. चेहऱ्यावर उजेड येऊ दे."

सुमनने पुस्तक वर धरलं. कॅमेरा चमकला. सगळं घर लख्ख झालं, कौलं, भिंतीवरची काजळी, माझ्या हातातली पळी, आणि पुन्हा अंधार. आमच्या घरात विजेचा पहिला उजेड पडला तो त्या कॅमेऱ्याचा.

ते गेल्यावर सुमनने पुस्तक मिटलं.

"मी काय वाचत होते ते कुणी विचारलं नाय," ती म्हणाली.

मीही कधी विचारत नव्हते. मला त्यातलं काय कळणार म्हणून. तेव्हा विचारलं.

"इतिहास. उद्या पेपर हाय." मग म्हणाली, "आई, हे लोक परत आले तर मी मागच्या दाराने जाईन. तू पण ये."

दुसऱ्या दिवशी मी नेहमीसारखी वर गेले. केर काढला, भांडी घासली, पाणी भरलं. आठवा दिवस होता. शेणाची बादली घेतली नाही.

"अगं, आज सारवण आहे ना?"

मी खाली बघत राहिले.

"बरं नाही का तुला?"

"बरी हाय."

"मग?"

मला बोलता येत नव्हतं. कधीच आलेलं नाही. मी कमरेला खोचलेला अर्ज काढला, ओटीच्या पायरीवर ठेवला, वाऱ्याने जाऊ नये म्हणून त्यावर एक चिरा ठेवला आणि घरी आले.

कागद तीन दिवस तसाच पायरीवर. मी रोज जाऊन बाकीचं सगळं काम करत होते, कागद ओलांडून. ओटीला भेगा पडायला लागल्या. आणि शुक्रवारी इटलीची एक बाई येणार होती. तिला त्यांनी वर्षभर पत्रं लिहिली होती. तिकडे ती मोठ्या कॉलेजात होती, जुन्या शब्दांचं काम करायची. ती चार दिवस राहणार, वह्या बघणार, आणि मग वह्यांचं पुस्तक होणार, असं ते हनीफभाईंना सांगत होते. घरभर अत्तर शिंपडल्यासारखे वागत होते.

त्यांनी वाडीतल्या बायकांना विचारून बघितलं. एकीने सांगितलं, "आमच्याकडे आता फिनेल असतं, प्रोफेसर." बुधवारी ते स्वतः बसले. दोन्ही हातांना प्लॅस्टिकच्या पिशव्या बांधल्या होत्या आणि चुना मारायचा कुंचला घेतला होता. शेणात पाणी न घालता तसंच थापत होते. हनीफभाई रिक्षातून उतरून बघत उभे राहिले.

"हे सारवण नाय, प्रोफेसर," ते म्हणाले. "ह्याच्यावर भात लावा."

प्रोफेसर उत्तर द्यायला वळले आणि घसरून त्यातच बसले. मी विहिरीवरून बघत होते. तिथे हसले नाही. घरी येऊन सुमनला सांगितलं तेव्हा दोघींना जेवता येईना.

गुरुवारी दुपारी ते खाली आले. एकटे, आणि या वेळी बाहेर उभे राहून खाकरले. मी सुपात तांदूळ निवडत होते.

"ती बाई उद्या येतेय."

"होय."

"इटलीहून येतेय."

"होय."

"हे तुला कोणी शिकवलं? त्या रिक्षावाल्याने?"

मी खडा काढून बाजूला ठेवला.

"अगं, मीटर लागला की हे घर हे घर राहणार नाही. तुला कळत नाही, लोक कशासाठी येतात."

मी सुपाकडे बघत म्हटलं, "घर राहील, प्रोफेसर. ओटीवर बघायला काय राहणार नाय."

अर्ज त्यांच्या खिशातच होता, चार घड्या केलेला. त्यांनी खिशातून पेन काढलं. लाल.

"तो नको," मी म्हटलं.

"माझ्याकडे दुसरं नाही."

सुमन उठली, कंपासपेटीतून निळं पेन काढून आणलं, खाली धरायला इतिहासाचं पुस्तक दिलं. त्यांनी दाराच्या चौकटीला टेकून सही केली. केली, आणि नजर वर गेली, अर्जाच्या पहिल्या ओळीवर. ओठ हलायला लागले. हनीफभाई रिक्षा घेऊन वाटेवर थांबलेलेच होते. त्यांनी पुढे होऊन कागद अलगद काढून घेतला.

"राहू द्या," ते म्हणाले. "चुका असल्या तरी बल्ब पेटतो."

त्या दुपारी मी ओटी सारवली. त्यांचा चिखल खरवडून काढला आणि आयुष्यात सारवली नसेल अशी सारवली.

इटलीची बाई उंच होती, पायात साध्या वहाणा. ओटीवर आल्या आल्या तिने वाकून जमिनीला हात लावला. हाताने सारवताना बोटांची वळणं उमटतात, एकातून एक निघणारी अर्धी वर्तुळं, त्यांच्यावरून ती बोट फिरवत राहिली. प्रोफेसर वह्या मांडून बसले होते, पहिलीपासून दहावीपर्यंत ओळीने. तिने दोनतीन पानं उलटली. मग इंग्रजीत काहीतरी विचारलं. सुमन माझ्याबरोबर होती, तिला तेवढं समजलं. बाईने विचारलं होतं, या वळणांना इथे काय म्हणतात?

प्रोफेसरांनी आधी हसून घेतलं. मग वहीकडे बघितलं, जसं काय तिथे असेल. मग माझ्याकडे वळले. "अगं, याला काय म्हणता तुम्ही?"

मी मान खाली घातली. ते तिच्याकडे वळून म्हणाले, हिला माहीत नाही, आणि दहापैकी दहाचं काहीतरी बोलले. बाई हसली नाही. ती माझ्याकडेच बघत होती. चार दिवसांत तिने वह्या पुन्हा उघडल्या नाहीत. जायच्या दिवशी शेणात हात घालून मला विचारत विचारत हातभर जमीन सारवली, वाईट सारवली, आणि गेली. पुस्तकाचं पत्र कधी आलं नाही.

थंडी पडायच्या सुमाराला आम्हाला मीटर मिळाला. वायरमनने दाराबाहेरच्या भिंतीवर पेटी ठोकली आणि दुसऱ्याच दिवशी प्रोफेसर एक जुनं सूप घेऊन आले. खिळा त्यांनीच आणला होता. पेटीवर सूप टांगून, चार पावलं मागे जाऊन, डोळे बारीक करून बघितलं. पाहुण्यांना वरून दिसायला नको. दर महिन्याला मीटर वाचायला येणारा माणूस सूप काढायचा, आकडा लिहायचा, आणि परत टांगायचा. आत सुमन ट्यूबखाली वाचत बसायची, दार लावून. ती दहावी पास झाली, मग बारावी, मग नर्सिंगला रत्नागिरीत. आता नोकरीला आहे.

पाच-सहा वर्षांत समुद्राच्या बाजूला तशा कितीतरी पाट्या झाल्या, रस्टिक म्हणून. तिथे सारवलेल्या भिंतीला वातानुकूलनाचं यंत्र असायचं आणि शेणाला वास नसायचा. प्रोफेसरांकडे येणारे पाहुणे बंद झाले. कंदील गेला, ओटीवर दिवा परत आला. मी सारवण चालू ठेवलं होतं, कारण एकदा मातीची केली की जमीन अशी सोडता येत नाही. शेवटच्या पावसाळ्यात ते आतल्या खोलीत पडूनच असायचे, पंख्याखाली. तेव्हा काटा नको की सुरी नको, मी पेज भरवायची.

एक दिवस छातीवर वही ठेवून म्हणाले, "ती इटलीची बाई. तिने विचारलं होतं, त्या हाताच्या वळणांना काय म्हणतात."

"होय."

"काय म्हणतात?"

"माहीत नाय."

"आठवून बघ. आई काही म्हणत असेल."

मी वाटी विसळून पालथी घातली. "नाव नाय त्याला," मी म्हटलं.

त्यांनी वहीत काहीतरी लिहिलं. बराच वेळ लागला लिहायला.

ते गेल्यावर मुंबईहून पुतण्या आला. त्याने गडी लावून ओटीची माती पिकावाने उखडली. खालून मोझॅक निघाली, होती तशी चकचकीत. वह्या त्याने दारात आणून टाकल्या आणि मला म्हणाला, "मावशी, बंबाला घाला."

मी त्या घरी नेल्या. जाळायच्या आधी वाचल्या, महिनाभर लागला. परदेशी अक्षरं मला येत नाहीत, पण मराठीत बरंच होतं. अकरा वह्या शेतावरच्या माणसावर, आणि मी त्यात आमच्यातला कुणीतरी शोधत होते. गवळी नाही, हनीफभाई नाहीत, सुमन नाही. माती कशी चोपायची ते नाही. कुठल्या देशात तो शब्द कधी पोचला याच्या तारखा होत्या. अकराव्या वहीत, अगदी शेवटी, वाकड्या अक्षरात त्यांचा प्रश्न लिहिलेला होता आणि त्याच्याखाली, 'माहिती देणाऱ्या स्त्रीस ठाऊक नाही.' पुढची पानं कोरी.

दहा वह्यांवर पाणी चांगलं तापलं. अकरावी ठेवली. हे त्याच कोऱ्या पानांवर लिहितेय, माझ्या घरात, विजेच्या दिव्याखाली. बाहेर मीटरवर ते सूप अजून आहे, काढायचं राहून गेलं.

त्या वळणांना नाव आहे. मी सात वर्षांची असताना आईने माझा हात तिच्या हाताखाली धरून ओल्या शेणावरून फिरवला आणि प्रत्येक वळणाला ते म्हणायला लावलं. मी सुमनला सांगितलंय. इथे लिहीत नाही. वही त्यांची आहे.